होमी भाभा आणि न्यूट्रिनो: सोन्याच्या खाणीतल्या जगप्रसिद्ध प्रयोगाची गोष्ट

केजीएफ म्हटलं की आज बहुतेकांना यशचा सिनेमा आठवतो. पण कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सचं नाव जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आणि त्याचं कारण सोनं नाही.

ऑगस्ट १९६५ मध्ये या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटर खोल बसवलेल्या यंत्रांनी वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टिपल्याचं जाहीर झालं. असा शोध प्रसिद्ध होण्याची जगातली ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ ला, ही प्रयोगांची साखळी सुरू करणाऱ्या माणसाचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्यांचं नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभांना आपण ओळखतो ते भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून. शाळेच्या पुस्तकांत ट्रॉम्बे आहे, अणुभट्टी आहे. कोलारची खाण मात्र क्वचितच असते.

आता न्यूट्रिनो पुन्हा चर्चेत आहेत. चीनमधला 'जुनो' हा महाकाय डिटेक्टर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत त्याहून मोठ्या प्रयोगांची उभारणी सुरू आहे. एकेकाळी या शर्यतीत पहिला आलेला भारत मात्र आपल्या भूमिगत प्रयोगशाळेची अजून वाटच पाहतो आहे. हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात भाभांपासून करावी लागते.

न्यूट्रिनो म्हणजे नेमकं काय?

न्यूट्रिनो हा विश्वातल्या मूलभूत कणांपैकी एक. त्याला विद्युतभार नाही आणि वस्तुमान जवळजवळ नाहीच. समोर आलेल्या पदार्थाशी तो सहसा कसलाही संबंध ठेवत नाही.

सूर्यातून निघालेले साधारण ६५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. दिवसाही जातात आणि रात्रीही, कारण रात्री ते अख्खी पृथ्वी ओलांडून खालून वर येतात.

म्हणूनच न्यूट्रिनो पकडणं कठीण. त्यातला एखादाच कधीतरी एखाद्या अणुकेंद्रावर आदळतो. ती एक धडक टिपायची तर यंत्र प्रचंड मोठं हवं, आणि बाकीचे कण तिथे गोंगाट करणार नाहीत इतकी शांत जागा हवी. अशी शांतता जमिनीच्या पोटात मिळते. न्यूट्रिनोच्या डिटेक्टरचा सगळा इतिहास या दोन गरजांभोवती फिरतो.

मलबार हिलचा मुलगा, केंब्रिजचा इंजिनीअर

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर भाभा वकील होते. आत्या मेहरबाई या जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी यांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरी होमींचं लहानपणापासून जाणं-येणं होतं. देशात पोलाद कसं तयार करायचं, वीज कुठून आणायची, संशोधनासाठी संस्था कशी काढायची, अशी बोलणी त्या घरात नेहमीची होती.

घरात पुस्तकं होती आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड होत्या. होमी चित्रं काढायचे. ही आवड त्यांनी शेवटपर्यंत जपली.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. घरच्यांचा बेत ठरलेला होता. मुलाने मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायचं, परत यायचं आणि जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हायचं.

केंब्रिजमध्ये पोहोचल्यावर होमींचं मन भौतिकशास्त्रावर बसलं. आपल्याला हेच करायचं आहे, असं त्यांनी वडिलांना पत्राने कळवलं. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी पैसे देतो. १९३० मध्ये होमींनी इंजिनीअरिंगचा पहिला वर्ग मिळवला आणि पुढे गणिताची परीक्षाही तशीच पार केली.

इंजिनीअरिंगची ही वर्षं वाया गेली नाहीत. कागदावर समीकरणं मांडणारा हा शास्त्रज्ञ यंत्राचा विचारही तितक्याच सहजपणे करू शकत असे. पुढे संस्था उभारताना त्यांना याचा उपयोग झाला.

ज्यांनी न्यूट्रिनो कल्पला, त्यांच्याच सहवासात

१९३० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ एका हिशेबाने हैराण झाले होते. काही किरणोत्सारी अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, तेव्हा थोडी ऊर्जा कुठेतरी गायब होत होती. जमा आणि खर्चाचा मेळ बसत नव्हता.

डिसेंबर १९३० मध्ये वुल्फगँग पाउली यांनी एक धाडसी तोडगा सुचवला. इलेक्ट्रॉनसोबत आणखी एक कण बाहेर पडत असावा. तो आपल्याला दिसत नाही, पण उरलेली ऊर्जा तोच घेऊन जातो. पुढे रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी या कणाचा पूर्ण सिद्धांत मांडला. न्यूट्रिनो, म्हणजे इटालियनमध्ये छोटासा तटस्थ कण, हे नावही त्यांच्यामुळेच रूढ झालं.

योगायोग असा की १९३२ नंतर प्रवासी शिष्यवृत्तीवर युरोपात फिरणाऱ्या तरुण भाभांनी झुरिकमध्ये पाउलींकडे काम केलं आणि रोममध्ये फर्मींकडेही. न्यूट्रिनोची कल्पना ज्याला सुचली आणि ज्याने तिला गणिताचं रूप दिलं, त्या दोघांच्याही हाताखाली ते राहून आले. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आत होतं.

पण त्या काळी न्यूट्रिनो कधी प्रत्यक्ष पकडता येईल, यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. भाभांचं लक्षही दुसरीकडे होतं. त्यांना खुणावत होते आकाशातून येणारे वैश्विक किरण, म्हणजेच कॉस्मिक रेज.

आकाशातून पडणारा कणांचा पाऊस

अंतराळातून अतिशय वेगवान कण सतत पृथ्वीकडे येत असतात. ते हवेतल्या अणूंवर आदळले की नवे कण तयार होतात, त्यांच्यापासून आणखी नवे, आणि बघता बघता एका कणाचा पाऊस होतो.

हा पाऊस नेमका कसा पडतो, याचं गणित भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं. या कामाने भाभांचं नाव जगभर पोहोचलं. त्याआधी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात, हेही त्यांनी सोडवलं होतं. भौतिकशास्त्रात ती प्रक्रिया आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवली जाते.

या पावसात एक चिवट कण असतो. त्याला आज म्युऑन म्हणतात. तो इलेक्ट्रॉनपेक्षा जवळपास दोनशे पट जड असतो आणि जाडजूड खडकातूनही पार जातो. म्युऑन ज्या प्रक्रियेतून तयार होतो, त्याच प्रक्रियेतून न्यूट्रिनोही तयार होतात. म्हणजे वैश्विक किरणांचा माग काढणारा माणूस कधी ना कधी न्यूट्रिनोपाशी पोहोचणारच होता. भाभांच्या बाबतीत ती वाट बंगळूरवरून गेली.

सुट्टीला आले आणि इथेच राहिले

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जायचा रस्ता बंद झाला. ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. तिथे सी. व्ही. रामन होते. दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने भाभांनी वैश्विक किरणांच्या संशोधनाचा छोटा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

बंगळूरमध्ये त्यांच्यापुढे वेगळीच अडचण आली. युरोपात सिद्धांत मांडला की तो तपासायला शेजारीच कुणीतरी यंत्र घेऊन बसलेला असायचा. इथे तशी यंत्रं नव्हती आणि युद्धामुळे बाहेरून मागवताही येत नव्हती. मग इथेच गायगर काउंटर तयार करायला सुरुवात झाली. गायगर काउंटर म्हणजे वायू भरलेली नळी. तिच्यातून विद्युतभार असलेला कण गेला की विजेचा छोटा झटका नोंदला जातो. युद्धाच्या काळात भारतात असलेल्या अमेरिकी विमानांतून हे काउंटर ३०,००० फुटांपर्यंत नेऊन मोजणी केली गेली.

दक्षिण भारत अशा कामासाठी सोयीचा होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ कमी ऊर्जेच्या कणांना अडवतं, त्यामुळे इथे पोहोचणारे कण मुख्यतः जास्त ऊर्जेचे असतात. युरोपातल्या प्रयोगशाळांना ही सोय नव्हती. आपल्याकडे जे आहे आणि इतरांकडे नाही, त्यावर प्रयोग उभा करायचा, हा धडा भाभांनी इथे घेतला.

याच वर्षांत केंब्रिजला परतण्याचा विचार त्यांच्या मनातून मागे पडला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढायला मदत मागितली. अणुऊर्जेतून वीज तयार करायची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, अशी त्या पत्रातली मांडणी होती. हे पत्र हिरोशिमाच्या जवळपास दीड वर्ष आधीचं आहे.

बंगल्यातली प्रयोगशाळा

जून १९४५ मध्ये बंगळूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. पुढे काही वर्षं ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या आजच्या इमारतीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते जानेवारी १९६२ मध्ये झालं.

दरम्यान भाभांवरच्या जबाबदाऱ्या वाढत गेल्या. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५४ मध्ये अणुऊर्जा खात्याचे सचिव. ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बेत अप्सरा ही आशियातल्या सुरुवातीच्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली.

या सगळ्यावर टीकाही झाली. संशोधनाचा पैसा आणि अधिकार मोजक्या सरकारी संस्थांकडे एकवटतो आणि विद्यापीठं कोरडी राहतात, असा आक्षेप मेघनाद साहा यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने घेतला होता. नेहरूंशी थेट संपर्क असल्यामुळे भाभांची कामं वेगाने होत. पण अणुऊर्जा खात्याभोवती गुप्ततेची भिंतही त्याच काळात उभी राहिली. ही भिंत या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

वर फुगे, खाली खाण

वैश्विक किरणांचा पाठलाग टीआयएफआरने दोन्ही दिशांनी केला. वर जाण्यासाठी फुगे होते.

सोलापूरकरांचा या फुग्यांशी संबंध आहे. टीआयएफआरच्या हैदराबाद केंद्रातून सोडलेले प्लास्टिकचे प्रचंड फुगे यंत्रं घेऊन ३० ते ४० किलोमीटर उंचीवर जातात. काम संपलं की यंत्रं रंगीत पॅराशूटने खाली येतात. ती विशाखापट्टणम, हैदराबाद, सोलापूर आणि गोवा यांना जोडणाऱ्या रेषेच्या आसपासच्या पट्ट्यात उतरू शकतात. म्हणून शेतात अशी वस्तू आढळली तर हात न लावता पोलिसांना कळवा, अशा सूचना अधूनमधून निघतात. फुगे उडवण्याची ही परंपरा भाभांच्या काळातली आहे.

खाली जाण्यासाठी कोलारची खाण होती. सोलापूरहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूर गाठलं की तिथून ही जागा साधारण शंभर किलोमीटरवर आहे. त्या काळी ही जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक होती.

१९५१ मध्ये भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला काम दिलं. खाणीत उतरायचं आणि वेगवेगळ्या खोलीवर किती म्युऑन पोहोचतात ते मोजायचं. श्रीकांतन इथेच बनवलेले गायगर काउंटर घेऊन खाणीत गेले. पुढे तेच टीआयएफआरचे संचालक झाले.

काम रटाळ होतं. जमिनीवर म्युऑनांचा सतत मारा असतो, पण खडकाचा थर वाढत जाईल तशी त्यांची संख्या घटते. खाली उष्णता, दमट हवा आणि धूळ. खाणकामगारांच्या लिफ्टमधूनच यंत्रं उतरवायची आणि दिवसेंदिवस आकडे टिपायचे. तातडीचा गाजावाजा होईल असं त्यात काहीच नव्हतं. तरीही हे काम दहा वर्षं चालू राहिलं. कारण भाभांनी त्याच्याकडून लगेच निकाल मागितला नाही.

शून्य आलं आणि रस्ता सापडला

१९६० च्या सुमारास म्युऑन मोजणारी टीम पावणेतीन किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचली. तिथे साधारण दोन महिने यंत्र चालू ठेवूनही एकही म्युऑन नोंदला गेला नाही.

कुणाला हे अपयश वाटेल. टीमला मात्र उलटा अर्थ दिसला. इथे वरून काहीच येत नसेल, तर या खोलीवर कधी एखादा म्युऑन दिसलाच, तो दुसरीकडून आलेला असणार. म्हणजे खडकातून सहज चालत आलेल्या एखाद्या न्यूट्रिनोने यंत्राजवळच्या दगडाला धडक देऊन तो तयार केला असणार. इतकी शांत जागा जगात फार थोड्यांकडे होती.

तोवर न्यूट्रिनो खरोखर असतात, हे सिद्ध झालं होतं. अमेरिकेत फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी १९५६ मध्ये अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रिनो पकडले होते. पण ते माणसाने बनवलेल्या भट्टीतले होते. निसर्गात, आकाशात तयार होणारे न्यूट्रिनो अजून कुणाच्याच हाती लागले नव्हते.

कोलारमध्ये टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि ब्रिटनचं डरहॅम विद्यापीठ एकत्र आले. भारतीय बाजूने एम. जी. के. मेनन, व्ही. एस. नरसिंहम, पी. व्ही. रामनमूर्ती आणि श्रीकांतन होते, जपानकडून साबुरो मियाके आणि ब्रिटनकडून आर्नोल्ड वोल्फेंडेल.

चॅम्पियन रीफ खाणीच्या हीथकोट शाफ्टमध्ये २.३ किलोमीटर खोलीवर यंत्र बसवलं गेलं. कळसूबाई शिखराची उंची १६४६ मीटर आहे. म्हणजे अख्खं कळसूबाई डोक्यावर उलटं टांगलं तरी वर जागा उरेल, एवढा खडक.

यंत्राचं तत्त्व समजायला सोपं आहे. दोन बाजूंना खास प्लास्टिकच्या उभ्या भिंती. विद्युतभार असलेला कण त्यांच्यातून गेला की प्लास्टिक क्षणभर चमकतं आणि संवेदनशील नळ्या त्या चमकेचं विजेत रूपांतर करतात. दोन्ही भिंती एकाच वेळी चमकल्या की मधल्या निऑनच्या नळ्यांना उच्च दाबाची वीज मिळते. कण ज्या नळ्यांतून गेला, तेवढ्याच नळ्या उजळतात. कॅमेरा फोटो घेतो आणि कणाची वाट चित्रात उमटते.

भिंती उभ्या ठेवण्यामागे कारण होतं. वरून येणारा म्युऑन साधारण सरळ खाली येतो. आडव्या दिशेने यायचं तर त्याला कितीतरी जास्त खडक कापावा लागेल, आणि ते शक्य नाही. त्यामुळे आडवी वाट दिसली की ती न्यूट्रिनोची खूण.

एक शर्यत, दोन खाणी

त्याच वेळी राइन्स यांची टीम दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत अशाच प्रयोगाला लागली होती. त्यांच्या यंत्रात पहिली नोंद झाली फेब्रुवारी १९६५ मध्ये, कोलारच्या आधी. पण निबंध प्रसिद्ध करण्यात कोलारची टीम पुढे राहिली. कोलारचा निबंध १५ ऑगस्ट १९६५ च्या अंकात आला आणि राइन्स यांचा ३० ऑगस्टच्या. म्हणून या शोधाचं श्रेय दोन्ही प्रयोगांना दिलं जातं.

नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पण आकाशात तयार झालेले न्यूट्रिनो पकडता येतात, हे त्यातून ठरलं.

या निबंधावर भाभांचं नाव लेखक म्हणून नाही. प्रयोग त्यांनी केला नव्हता. तो करू शकतील अशी माणसं, अशी संस्था आणि चौदा वर्षं थांबण्याची तयारी मात्र त्यांची होती.

माँ ब्लांवरचा अपघात

२४ जानेवारी १९६६ च्या सकाळी एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग विमान आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर कोसळलं. विमानातले सर्व ११७ जण मरण पावले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघालेले भाभा त्यांच्यात होते. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूबद्दल घातपाताच्या अनेक कहाण्या सांगितल्या जातात. फ्रान्समधल्या अधिकृत चौकशीचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बिघडलं होतं. त्यातच नियंत्रण कक्षाशी झालेल्या बोलण्याचा वैमानिकाने चुकीचा अर्थ लावला. पर्वत ओलांडला आहे असं समजून त्याने विमान खाली आणायला सुरुवात केली.

टीआयएफआरची सूत्रं मेनन यांच्याकडे गेली. ट्रॉम्बेच्या केंद्राला पुढे भाभांचं नाव दिलं गेलं. तेच आजचं बीएआरसी.

दोन बंद खाणींची वेगळी नशिबं

कोलारचं काम लगेच थांबलं नाही. १९८० मध्ये तिथे लोखंड आणि वायूच्या नळ्या वापरून १४० टनांचा डिटेक्टर उभा राहिला. प्रोटॉन कधी आपोआप फुटतो का, हे शोधणाऱ्या जगातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी तो एक होता. पण सोनं संपत आलं होतं. १९९२ मध्ये प्रयोग आवरले गेले. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणच बंद झाली. पाणी उपसणारे पंप थांबले आणि खोल बोगदे पाण्याखाली गेले.

साधारण त्याच काळात अमेरिकेतली होमस्टेक ही सोन्याची खाणही बंद पडली. १९६० च्या दशकात तिच्यातही न्यूट्रिनोचा प्रयोग सुरू झाला होता. रेमंड डेव्हिस यांनी तिथे सूर्याचे न्यूट्रिनो पकडले आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या खाणीचं मात्र प्रयोगशाळेत रूपांतर झालं. आज तिथे ड्यून या प्रयोगासाठी दीड किलोमीटर खोलीवर प्रचंड दालनं खोदून तयार आहेत.

नवे डिटेक्टर काय करत आहेत?

कोलारला जे वातावरणातले न्यूट्रिनो पहिल्यांदा दिसले, त्यांच्यावरच जपानच्या सुपर-कामिओकांडेने १९९८ मध्ये मोठा शोध लावला. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. त्यासाठी ताकाकी काजिता यांना कॅनडाच्या आर्थर मॅकडोनल्ड यांच्यासोबत २०१५ चं नोबेल मिळालं. तीन प्रकारच्या न्यूट्रिनोंमध्ये जड कोण आणि हलकं कोण, हा प्रश्न मात्र उरला आहे. नव्या पिढीच्या अनेक डिटेक्टरांची धडपड त्याच्यासाठी आहे.

जुनो, चीन: जमिनीखाली सुमारे ७०० मीटर, अॅक्रिलिकचा ३५.४ मीटर व्यासाचा गोल आणि त्यात २०,००० टन चमकणारं द्रव. तत्त्व कोलारच्या प्लास्टिकचंच, प्रमाण प्रचंड. ५३ किलोमीटरवरच्या अणुभट्ट्यांमधून येणारे न्यूट्रिनो तो मोजतो.

हायपर-कामिओकांडे, जपान: २,६०,००० टन शुद्ध पाण्याची टाकी. न्यूट्रिनोच्या धडकेतून सुटलेला वेगवान कण पाण्यात निळसर प्रकाशाचं वर्तुळ सोडतो, ते टिपायचं. बांधकाम सुरू आहे.

ड्यून, अमेरिका: उणे १८६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला द्रवरूप आर्गॉन. कण गेल्यावर सुटणारे इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने ओढून त्याच्या वाटेचं बारीक त्रिमितीय चित्र तयार होतं. निऑनच्या नळ्यांच्या फोटोपासून तंत्रज्ञान इथवर आलं आहे.

आइसक्यूब, दक्षिण ध्रुव: बर्फात पुरलेले ५१६० प्रकाशसंवेदक आणि एक घनकिलोमीटर बर्फ हाच डिटेक्टर.

सगळं मोठंच लागतं असंही नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत फक्त १४.६ किलोच्या स्फटिकाने न्यूट्रिनोचा अणुकेंद्राला बसलेला हलकासा धक्का टिपला.

भारताचं घोडं कुठे अडलं?

भारताची योजनाही छोटी नाही. इंडिया-बेस्ड न्यूट्रिनो ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे आयएनओ, या प्रकल्पात तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातल्या बोडी डोंगराखाली ५०,००० टनांच्या चुंबकीय लोखंडाचा डिटेक्टर उभारायचा आहे. लोखंडाच्या थरांमध्ये काचेच्या पातळ, वायू भरलेल्या सुमारे ३०,००० पेट्या असतील. त्या भारतातच विकसित झाल्या आहेत. सुमारे १५०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राने २०१५ च्या सुरुवातीला मंजुरी जाहीर केली.

त्याआधी नीलगिरीतली पहिली जागा वाघांच्या अधिवासामुळे नाकारली गेली होती. थेनीतही जंगल, वाघांचा मार्ग, पाणी आणि सुरुंगांचे हादरे यांवरून विरोध झाला. २०१७ मध्ये हरित लवादाने मंजुरी रोखली. २०१८ मध्ये नवी मिळाली. २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात आपला विरोध नोंदवला.

इथे ती गुप्ततेची भिंत आठवते. न्यूट्रिनो निरुपद्रवी आहेत, ते असेही आपल्यातून जातच असतात, हे शास्त्रज्ञ परोपरीने सांगत राहिले. पण प्रकल्पामागे अणुऊर्जा खातं आहे म्हटल्यावर अणुकचऱ्याची शंका गावागावात पसरली. पर्यावरणाचे आक्षेप वेगळे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवं. अविश्वासाची मुळं मात्र जुनी आहेत. ज्या खात्याने भाभांच्या काळात संशोधनाला वेग दिला, त्याची बंद दारांमागे काम करण्याची सवयही त्याच काळातली आहे.

दरम्यान मदुराईत ८५ टनांची छोटी प्रतिकृती चालू आहे. भाभांचं नाव असलेलं बीएआरसी अमेरिकेच्या फर्मीलॅबसाठी प्रवेगकाची उपकरणं बनवतं. त्या प्रवेगकातून निघणारे न्यूट्रिनो जमिनीखालून १३०० किलोमीटर जाऊन ड्यूनला पोहोचणार आहेत, त्याच जुन्या सोन्याच्या खाणीत. अनेक भारतीय संशोधक या परदेशी प्रयोगांत काम करतात.

म्हणजे माणसं आहेत आणि यंत्रं बनवण्याचं कौशल्यही आहे. १९५१ मध्ये तर तेही नव्हतं, फक्त एक खाण, घरी बनवलेले काउंटर आणि एक विद्यार्थी होता. उणीव आहे ती देशातल्या एका खोल, शांत जागेची, आणि तिच्या वर राहणाऱ्या लोकांना विश्वासात घेण्याची. पहिली गोष्ट भाभांनी खाण मालकांशी बोलून मिळवली. दुसरीची गरज त्यांना कधी पडली नाही. त्यांच्या वारसदारांना मात्र ती टाळता येणार नाही.